तळहातातली ऊब आणि 'ची'चा पत्ता

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी परवा एक व्हिडिओ टाकला. चीनमधल्या कुठल्याशा बागेत सकाळी पन्नासेक म्हातारी माणसे गुडघे किंचित वाकवून, छातीसमोर न दिसणारा फुटबॉल धरल्यासारखी उभी आहेत. खाली मजकूर : 'तळहातांतून वाहणारी ही ऊर्जा म्हणजे ची, म्हणजेच आपला प्राण. ताई चीचे रहस्य आता विज्ञानानेही मान्य केले!' एवढ्याशा मजकुरात किमान तीन चुका आहेत. तरीही त्या माणसांच्या तळहातांत काहीतरी घडत असते, हे मात्र खरे.

आधी नावाचा घोळ. 'ताई ची'मधला 'ची' हा तो 'ची' नव्हेच. त्या व्यायामाचा चिनी उच्चार साधारण 'थाय-जी', आणि त्यातल्या 'जी'चा अर्थ टोक, परमसीमा. आपला 'ची' वेगळा, त्याचे अक्षर वेगळे आणि उच्चार खरा तर 'छी'च्या जवळचा. जुन्या रोमन लेखनात दोन शब्दांत फरक होता तो वर काढलेल्या एका बारीकशा चिन्हाचा. ते छापताना गळत गेले आणि जगभर गोंधळ झाला. मराठी कानाला 'छी' बरे वाटत नाही, म्हणून मीही इथे 'ची'च लिहिणार.

ते अक्षर मात्र झकास आहे. त्याच्या पारंपरिक रूपात खाली तांदूळ असतो आणि वर वाफ. म्हणजे चुलीवरचा भातच की! वाफ, हवा, श्वास असा त्याचा अर्थ पसरत गेला. हवामान म्हणजे 'थ्येन-छी', रागावणे म्हणजे 'शंग-छी'. आणि भौतिकशास्त्रातली ज्यूलमध्ये मोजायची ऊर्जा? तिला चिनी पाठ्यपुस्तकांत 'नंग-ल्यांग' असा अगदी निराळा शब्द आहे. 'ची म्हणजे ऊर्जा' हे समीकरण मुख्यतः भाषांतरकारांचे. श्वास आणि हालचाल यांची सांगड मात्र फार जुनी. हुनान प्रांतात मावांगत्वेई इथे इ.स.पू. १६८ मधली एक कबर आहे. १९७३ साली तिच्यात रेशमावरचे एक चित्र सापडले आणि त्यात ४४ माणसे व्यायाम करताना दाखवली आहेत.

आता त्या न दिसणाऱ्या फुटबॉलकडे येऊ. मी हे करून पाहिले आहे. खांदे सैल सोडून, तळहात एकमेकांसमोर धरून दहा मिनिटे उभे राहिले की हात जड होतात, बोटांत ठोके जाणवतात आणि तळहातांत ऊब येते. शिकवणारा म्हणतो, 'ही बघा ची.' हा अनुभव भास नाही, थर्मामीटरवर मोजता येतो. पण मला पडलेला प्रश्न वेगळा होता : ही ऊब तळहातातच का? कोपरात का नाही? पोटरीत का नाही? चिनी परंपरेतही 'ची'ची दोन प्रसिद्ध दारे अशीच सांगतात : तळहाताच्या मध्यभागी 'लाओ-कुंग' आणि तळपायाला 'युंग-छ्वेन', म्हणजे उसळता झरा.

उत्तर कातडीखाली आहे. शाळेत आपण शिकतो की रक्त रोहिणीतून बारीक केशवाहिन्यांत जाते, तिथे ऑक्सिजन उतरवते आणि नीलेतून परत येते. तळहात, बोटांची टोके, तळपाय, कान, नाक आणि ओठ इथे मात्र आणखी एक सोय आहे. छोट्या रोहिणीतून छोट्या नीलेत थेट नेणारा रस्ता, मधल्या केशवाहिन्यांना टाळून. गावातल्या गल्ल्या चुकवून हायवेला मिळणारा बायपासच म्हणा. या बायपासातले रक्त पेशींना काहीही देत नाही. ते फक्त गरम असते, आणि ती उष्णता कातडीतून बाहेर टाकणे एवढेच त्याचे काम. जिथे केस नाहीत अशा कातडीत शरीराने आपले रेडिएटर बसवले आहेत. दंडाच्या किंवा पोटरीच्या केसाळ कातडीत हे बायपास जवळजवळ नसतातच.

या बायपासांची भिंत स्नायूंची आणि जाडजूड असते. तिच्याभोवती अनुकंपी चेतातंतूंचे दाट जाळे असते. हीच ती चेतासंस्था जी धोका दिसला की हृदय धडधडवते. तिचे तंतू नॉरॲड्रेनॅलिन नावाचे रसायन सोडतात आणि स्नायू आवळून बायपास बंद ठेवतात. भीतीने 'हातपाय गार पडतात' असे आपण म्हणतो ना, ते शब्दशः खरे आहे : बायपास बंद, गरम रक्त आतल्या आत. केसाळ कातडीत वाहिन्या रुंदावण्याचा आदेश देणारे वेगळे तंतू असतात. तळहातात असा आदेशच नाही. इथे फक्त ब्रेक आहे. तो दाबायचा किंवा सोडायचा. ब्रेक सुटला की नळी आपोआप फुगते. आणि नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलत असल्याने, रुंदी दुप्पट झाली तर प्रवाह १६ पट, तिप्पट झाली तर ८१ पट! ब्रेक जरासा सैल झाला तरी बोटे लगेच तापतात ती या चौथ्या घातामुळे.

म्हणजे तळहातात काही 'पाठवले' जात नाही, धरून ठेवलेले सोडले जाते. थायजीचे शिक्षक दर दोन मिनिटांनी 'सुंग, सुंग' म्हणतात. 'सुंग' म्हणजे सैल सोड. त्यांना चेतातंतू ठाऊक नसतील, पण सूचना अचूक आहे. अनुकंपी संस्थेला थेट हुकूम देता येत नाही. 'श्वास पोटात उतरू दे, ची खाली बुडू दे' असे सांगितले तर शरीराला काहीतरी कळते. जर्मनीत योहानेस शुल्त्स नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९३२ साली 'माझा हात जड आहे, माझा हात उबदार आहे' असे मनात घोळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात ना ची, ना प्राण, ना बागेतली पहाट. हात तिनेही तापतात.

श्वासाचे एक गमतीचे. एकदम मोठा श्वास आत ओढला तर बोटांतल्या वाहिन्या क्षणभर उलट आवळतात. म्हणून श्वास संथ, न खेचलेला हवा. याच्या अगदी विरुद्ध प्रकार म्हणजे भराभर श्वास घ्यायला लावून 'ऊर्जा जागृत' करणारी शिबिरे. तिथे हातातोंडाला मुंग्या येतात, हे खरे. पण त्याचे कारण असे : जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्ताची आम्लता घटते, रक्तातले मोकळे कॅल्शियम आयन अल्ब्युमिन प्रथिनाला अधिक चिकटतात, आणि कॅल्शियम कमी पडले की चेतातंतू कारण नसताना संदेश सोडू लागतात. डोक्यातल्या वाहिन्याही आवळतात, म्हणून गरगरते. या मुंग्यांना जागृती म्हणायचे आणि वर पैसेही मोजायचे!

भंपकपणात चीननेही कमाल केली आहे. १९७८ मध्ये शांघायच्या अणुसंशोधन संस्थेतल्या कू हानसन यांनी छीकुंगच्या, म्हणजे 'ची'च्या श्वास-व्यायामांच्या, एका गुरूच्या तळहातातून अवरक्त (इन्फ्रारेड) किरण निघतात असे यंत्राने टिपले, आणि 'बाहेर सोडलेली ची' सापडली म्हणून जल्लोष झाला. अहो, तापमान असलेली प्रत्येक वस्तू असे किरण सोडते! तळहात २८ अंशांवरून ३४ अंश सेल्सिअसवर गेला तर त्याचे उत्सर्जन जेमतेम ८ टक्क्यांनी वाढते. ८० अंशांचे वाफाळते वरण तेवढ्याच पृष्ठभागातून त्या तळहाताच्या पावणेदोनपट किरण सोडते, पण त्याला कोणी गुरू म्हणत नाही. पुढे चिनी क्षेपणास्त्रांचे जनक छ्येन श्वेसन यांच्यासारखा पहिल्या दर्जाचा शास्त्रज्ञही या लाटेच्या पाठीशी उभा राहिला. येन शिन नावाच्या गुरूने १९८७ चा ईशान्य चीनमधला प्रचंड वणवा दुरून ची पाठवून आटोक्यात आणायला मदत केल्याच्या कथा पसरल्या. विश्वातली ची झेलण्यासाठी डोक्यावर पातेली घालून बसलेल्या लोकांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

मग त्या म्हाताऱ्यांना मिळते काय? तळहातातली ऊब नव्हे. ती नुसती खूण आहे. फायदा वाकवलेल्या गुडघ्यांत आहे. वजन एका पायावरून दुसऱ्यावर अतिशय सावकाश नेताना मांडीचे स्नायू सतत ताणाखाली राहतात. वेगात चालताना आपण तोल घोट्यापाशी सावरतोही आणि विसरतोही, इथे विसरायची सोय नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) १९५ रुग्णांपैकी काहींनी आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे थायजी केले, काहींनी वजनांचा व्यायाम, काहींनी नुसते ताण देण्याचे व्यायाम. तोल सांभाळण्यात थायजीवाले दोघांच्याही पुढे गेले, आणि नुसते ताण देणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. वृद्धांच्या पडण्याबद्दलच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०१९ मधला आढावा म्हणतो की थायजीने पडण्याचे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास कमी होत असावे. ज्या घरात आजीचे खुब्याचे हाड मोडले आहे त्या घराला हा आकडा लहान वाटणार नाही.

काकांना मी हे सगळे लिहून पाठवले. त्यांनी अंगठा दाखवला आणि पुढचा व्हिडिओ टाकला. त्यांना एक प्रयोग करायला सांगणार आहे, तुम्हीही करा. माशांच्या टाकीत लावायचा थर्मामीटर घ्या. तापाचा चालणार नाही, तो ३२ अंशांच्या खाली आकडाच दाखवत नाही. खोली जरा गार हवी, एप्रिलमध्ये हात मुळातच तापलेले असतात. थर्मामीटर बोटाच्या टोकाला चिकटपट्टीने लावा, न दिसणारा फुटबॉल धरून दहा मिनिटे सैल उभे राहा आणि आकडा टिपा. मग घरातल्या एखाद्या खडूस माणसाला समोर बसवा आणि १००० मधून ७ वजा करत मोठ्याने मोजा, चूक झाली की त्याने ओरडायचे. ९९३, ९८६, ९७९... नऊशे पन्नासच्या आसपास कधीतरी थर्मामीटरकडे पाहा.