डब्ल्यूपी-क्रॉनला ‘क्रॉन’ म्हणायचं का?

युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम, 1979 च्या सातव्या आवृत्तीतही होता; कुठलं काम कधी हे ज्यात लिहितात त्या क्रॉनटॅबचे पाच रकाने इथे परत समजावत बसत नाही. घोळ सुरू झाला जानेवारी 2007 ला, वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या 2.1 मध्ये त्याच नावाची भलतीच वस्तू, डब्ल्यूपी-क्रॉन, आली तेव्हा.

अडचण खरी होती म्हणा. साइट्स स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला), सर्व्हरला थेट कमांड द्यायला शेल नाही, क्रॉनटॅब मिळाला तर नशीब. मग तोडगा असा की कोणीही पान उघडलं की यादी बघायची, कुठल्या कामाची वेळ उलटून गेलीय का, गेली असेल तर साइटने स्वतःच्याच डब्ल्यूपी-क्रॉन फाइलला रिक्वेस्ट मारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचं. म्हणजे यात घड्याळ नाहीच, सगळं व्हिजिटरच्या पावलांवर. रात्री कोणी फिरकलं नाही तर सकाळी 6 ची पोस्ट पहिला माणूस येईपर्यंत लटकलेली. उलट गर्दीच्या साइटवर पेज कॅशे (पानाची तयार प्रत दाखवायची सोय) लावला की पीएचपी, म्हणजे वर्डप्रेसचा कोड, चालतच नाही, मग गर्दी असून उपयोग शून्य. स्टेजिंगला, म्हणजे चाचणीच्या साइटला, पासवर्ड लावला की साइटची स्वतःलाच मारलेली रिक्वेस्ट अडते ते वेगळंच. ‘मिस्ड शेड्यूल’ हे लाल अक्षर ज्याने बघितलंय त्याला कळेल.

माझ्या मते चूक तोडग्यात नाही, नावात आहे. ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच सॉफ्टवेअरवाल्यांकडे हीच युक्ती करणाऱ्या मॉड्यूलचं नाव सरळ ‘पुअरमॅन्सक्रॉन’ होतं, गरिबाचा क्रॉन, वाचणाऱ्याला लगेच कळतं काय मिळणार ते. 2011 ला ड्रुपल 7 मध्ये ती सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली.

वर्डप्रेसमध्ये मात्र ओझं वाढतच गेलं. ऑक्टोबर 2013 ला 3.7 आलं आणि सिक्युरिटी अपडेट आपोआप व्हायला लागले, तेही याच यंत्रणेवर. त्यात सगळ्या कामांची यादी डेटाबेसमधल्या ऑप्शन्स टेबलच्या एकाच ओळीत कोंबलेली, दुकानांच्या साइटला ते झेपेना, म्हणून वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्लगिनने कामांची रांग सांभाळणारा अ‍ॅक्शन शेड्युलर घेतला, 2020 पासून त्याचे स्वतःचे टेबल आहेत. गंमत म्हणजे त्यालाही ढकलायला मुळात डब्ल्यूपी-क्रॉनच लागतो.

आता जाणकार लोक कॉन्फिगमध्ये ‘डिसेबल डब्ल्यूपी क्रॉन’ ट्रू करतात आणि खऱ्या क्रॉनटॅबमधून दर 5 मिनिटांनी ती फाइल चालवतात. तिथेही सर्व्हर बहुतेकदा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असतो हे लक्षात ठेवा, मी एकदा बॅकअप रात्री 2 ला लावला आणि तो रोज सकाळी साडेसातला चालायचा, ऐन लोक साइटवर असताना. 20:30 टाकायला हवं होतं.