दिव्यांगांचा 'संजय गांधी निराधार'चा अर्ज नेमका कुठे अडतो

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिन्याला 2,500 रुपये मिळतात. अटी चार: दिव्यांगत्व किमान 40 टक्के, वय 18 ते 65, राज्यात 15 वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत. अर्ज सेतू केंद्रातून किंवा तहसीलमधून भरता येतो, त्यात फारसं काही नाही.

अडतं ते टक्क्यांवर. जुना हाताने लिहिलेला दाखला आता चालत नाही, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र, लागतं. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत तपासणी करून घ्यायची. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर नियमाप्रमाणे 30 टक्केच मिळतात. माणूस 'बसत नाही' म्हणून घरी परततो. पण त्यालाच ऐकू कमी येत असेल आणि त्याचे 20 टक्के निघाले, तर दोन्ही मिळून हिशेब वेगळा होतो. मोठा आकडा 30. त्यात 20 गुणिले 60 भागिले 90, म्हणजे 13.3 मिळवा. झाले 43. तोच माणूस पात्र! म्हणून नोंदणी करतानाच दोन्ही दिव्यांगत्वं नोंदवा आणि डोळ्यांसोबत कान-नाक-घसा विभागातही तपासून घ्या. कोणी आपणहून सांगेल ही आशा ठेवू नका. टक्के कमी दिलेत असं वाटलं, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली अपील आहे. आणि दाखला तात्पुरता असेल तर त्यावरची मुदत आधी वाचा.

दुसरी गाठ उत्पन्नाची. 50 हजार वर्षाला म्हणजे महिन्याला 4,166 रुपये. एवढ्यात नागपुरात कोणाचं घर चालतं, हे ही मर्यादा ठरवणाऱ्यांनाच विचारायला हवं. तहसीलचा दाखला हातात आला की खिडकीवरच आकडा वाचा. चूक असेल तर तिथेच बोला, अर्ज फेटाळल्यावर नाही. कोणी 21 हजारांची मर्यादा दाखवली, तर ती विधवा आणि इतर निराधारांसाठी आहे, दिव्यांगांसाठी नाही, हे ठामपणे सांगा.

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाटकडून कामासाठी येऊन इथेच राहिलेल्यांचं घोडं 15 वर्षांच्या पुराव्यावर अडतं. भाड्याच्या घरात वीजबिल मालकाच्या नावावर असतं. अशा वेळी जुनं रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव किंवा इथल्या शाळेची टीसी शोधा.

मंजुरी मिळूनही पैसे न येण्याचं कारण बहुतेकदा बँकेत सापडतं. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि अनुदानासाठी सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी आधारवरची नोंद, झालेलं असणं वेगळं. शेवटचं सीडिंग ज्या खात्याला झालं, पैसे तिकडेच जातात. कधीकाळी सिमसोबत उघडून दिलेल्या आणि विसरून गेलेल्या पेमेंट बँकेतसुद्धा. नावातलं 'राव' किंवा 'बाई' आधारवर आहे आणि यूडीआयडीवर नाही, एवढ्यानेही फाइल परत येते. आधी दोन्ही सारखी करून घ्या.

अर्जाचा निर्णय योजनेच्या समितीच्या बैठकीत होतो आणि बैठक कधी होईल याचा नेम नसतो. 'बैठकीत करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. पोचपावती जपून ठेवा, आणि अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. तोंडी 'होत नाही' म्हणजे नकार नव्हे.