ट्रकचं नाक कायद्यानं कापलं, कायद्यानंच परत दिलं

आपल्याकडं मोठा ट्रक म्हटलं की चपटं तोंड. बोरघाटात पहिल्या गिअरवर रांगेनं चढणारे ट्रक बघा, काच सरळ बंपरवरनं वर गेलेली, पुढं नाक म्हणून काही नाहीच. आणि अमेरिकेतनं कुणी हायवेचे फोटो पाठवले की तिथल्या ट्रकला हे एवढं लांब नाक. मग आपण म्हणतो, मोठा देश, मोठ्या गाड्या, त्यांची आवडच तशी. पण तिथलेच १९७० च्या आसपासचे फोटो बघितले तर गंमत दिसते, लांब पल्ल्याच्या वाहतुकीत चपट्या तोंडाचे ट्रक जिकडंतिकडं. केनवर्थ के१००, पीटरबिल्ट ३५२, जीएमसी ॲस्ट्रो, इंटरनॅशनल ट्रान्सस्टार, फ्रेटलायनर, कुणाचं म्हणून मॉडेल नव्हतं असं नाही. १९८४ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ कार्टूनमधला तो लाल-निळा रोबॉट ट्रक, ऑप्टिमस प्राइम, आठवतोय ना, तो चपट्या तोंडाचाच होता. २००७ च्या सिनेमात मात्र त्याला लांब नाक आलेलं. मधल्या वीसेक वर्षांत अमेरिकेच्या रस्त्यावर जे झालं तेच त्याचंही झालं.

या चपट्याला तिकडं कॅबओव्हर म्हणतात, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर केबिन. तो का गेला असं विचारलं की लोक पटकन सांगतात, ड्रायव्हरांना आवडत नव्हता आणि ठोकला तर पाय जायचे. दोन्ही खरंय. पण ड्रायव्हरांना तो १९६० सालीही फार आवडत होता अशातला भाग नाही, तरी पुढं वीस-पंचवीस वर्षं तो धडाधडा विकला गेलाच की. त्यामुळं नुसत्या आवडीनिवडीवर हे उत्तर भागत नाही. माझ्या मते खरी गोष्ट टेपची आहे. ट्रक मोजताना टेप कुठनं कुठपर्यंत धरायची, एवढ्यावर या गाडीचा जन्म झाला आणि मरणही.

अमेरिकेत ट्रकची लांबी, रुंदी, वजन हे सगळं ठरवायचं काम राज्यांकडं होतं, आणि १९३० च्या दशकात प्रत्येक राज्यानं आपापला आकडा लावला. इथं चालणारी गाडी पलीकडच्या राज्यात बेकायदेशीर, असा सगळा कारभार. १९३८ मध्ये साउथ कॅरोलिना विरुद्ध बार्नवेल हा खटला सुप्रीम कोर्टात गेला, त्या राज्यानं ९० इंचांपेक्षा रुंद आणि २०,००० पौंडांपेक्षा जड ट्रकांना बंदी केलेली. कोर्ट म्हणालं की रस्ता राज्याचा आहे, तेव्हा ठरवायचंही राज्यानंच. झालं, पुढची चाळीस वर्षं असंच. १९५६ मध्ये इंटरस्टेट हायवेचा मोठा कायदा आला, त्यात वजन ७३,२८० पौंड आणि रुंदी ९६ इंच अशी मर्यादा केंद्रानं घातली, पण लांबीला हात लावला नाही.

आता हिशोब करून बघा. बऱ्याच राज्यांत, त्यातही पूर्वेकडं, ट्रक आणि ट्रेलर मिळून लांबी ५५ फूट. ही लांबी पुढच्या बंपरपासून ट्रेलरच्या शेपटापर्यंत. त्यातला ट्रेलर ४५ फुटांचा घेतला तर पुढं उरले १० फूट. या १० फुटांत बंपर, इंजिन, ड्रायव्हर, त्याची झोपायची जागा आणि वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला घासू नये म्हणून मागं ठेवायची फट, हे सगळं बसवायचं. लांब नाकाच्या गाडीत नुसतं बॉनेट आणि सीट यातच ते १० फूट संपतात. म्हणजे नाक हवं असेल तर ट्रेलर छोटा घ्या, म्हणजे माल कमी, म्हणजे भाडं कमी. मालक काय निवडणार हे सांगायला नको. ड्रायव्हरला इंजिनावर नेऊन बसवलं आणि वाचलेले फूट मालाला दिले.

या गणितात सगळ्यात हुशार निघाली ती पोर्टलंडची कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज ही वाहतूक कंपनी. तिचा मालक लेलँड जेम्स, याला पश्चिमेकडच्या डोंगरांत चढणारे आणि वजनाला हलके ट्रक हवे होते, कंपन्या ते बनवून देईनात, म्हणून यानं स्वतःच बनवायला घेतले, ॲल्युमिनियम वापरून. त्यातनंच १९४२ मध्ये फ्रेटलायनर उभी राहिली. आज उत्तर अमेरिकेत जे नाव रस्त्यावर सगळीकडं दिसतं ते मुळात एका ट्रान्सपोर्टवाल्यानं स्वतःच्या गरजेपोटी काढलेलं वर्कशॉप. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

चपट्या तोंडाची एक मोठी अडचण, इंजिन खाली दडलेलं, दुरुस्ती करायची कशी? १९४९ मध्ये व्हाइट कंपनीनं ३००० नावाचं मॉडेल आणलं, त्यात आख्खी केबिनच पुढं वाकायची. १९५८ मध्ये फ्रेटलायनरनं ती पार ९० अंशात वाकवली. मेकॅनिकची चंगळ झाली, आख्खं इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं. लोक हे विसरतात की गॅरेजवाल्यांना ही गाडी मनापासून आवडायची. शहरात, जुन्या गोदामांच्या बोळात वळवायलाही नाकवाल्यापेक्षा कितीतरी सोपी, समोरचंही जवळनं दिसतं.

ड्रायव्हरची कथा वेगळी. केबिन वाकवायची म्हणजे आतलं सगळं सामान आधी आवरा. बूट, थर्मास, नकाशे, बिछाना, एखादी गोष्ट राहिली की ती जाऊन काचेवर आपटणार. कुठं तरी आडरानात बेल्ट तुटला की माणसाचं आख्खं घर उलटं व्हायचं. सीट पुढच्या चाकांच्या वर, त्यात गाडी आखूड, म्हणजे रस्त्यातला प्रत्येक सांधा थेट कण्याला कळणार. चढायचं तर शिडी चढल्यासारखं उभं, बर्फात पाय घसरला की संपलं. केबिनच्या मधोमध इंजिनाची पेटी, तिला ते डॉगहाऊस म्हणतात, कुत्र्याचं घर. आपल्याकडं एसटीत ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर कधी बसला असाल तर तो चटका आणि तो आवाज मी वेगळा सांगायला नको, आपल्या ट्रकांत क्लीनरनं त्या बॉनेटवरच गोधडी टाकून रात्री काढल्यात. अमेरिकन ड्रायव्हरला त्या पेटीवरनं रांगत पलीकडं झोपायला जायचं. आणि झोपायची जागा तरी काय, जुन्या काही गाड्यांत ती एवढी अरुंद की तिला शवपेटीच म्हणायचे. अपघाताचा मुद्दा आहेच, समोर पत्रा आणि पत्र्यामागं गुडघे. तिकडं जोक होता की अपघाताच्या जागी सगळ्यात आधी पोचतो तो कॅबओव्हरचा ड्रायव्हर.

पण हे सगळं असूनही गाडी चालत होती, कारण टेप बदललेली नव्हती. ती बदलायला सुरुवात झाली कोर्टात. १९७८ मध्ये विस्कॉन्सिनचा ५५ फुटांचा नियम सुप्रीम कोर्टानं उडवला, म्हणजे सुरक्षेचा पुरावा द्या आधी, नुसतं म्हणून चालणार नाही. मग आयोवाची पाळी. आयोवामधनं आय-८० आणि आय-३५ असे दोन मोठे हायवे जातात, आजूबाजूची राज्यं ६५ फुटांची जोड-ट्रेलरं, म्हणजे एका ट्रकमागं दोन ट्रेलर, चालू द्यायची आणि आयोवा म्हणायचं ६० च्या वर नाही. मग पर्याय काय, तर सीमेवर ट्रेलर सोडून एकेक करून पलीकडं न्या, नाहीतर राज्याला वळसा घालून जा. वर गंमत म्हणजे सीमेवरच्या गावांना शेजारच्या राज्याचा नियम लावायची मुभा होती! म्हणजे ६५ फूट धोक्याचे, पण आमच्या गावाला सोयीचे असतील तर नाहीत. मार्च १९८१ मध्ये कोर्टानं हाही नियम घटनाबाह्य ठरवला.

खटला लढणारी कंपनी कोण? कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज. जिनं लांबीच्या कायद्याशी झगडत स्वतःची ट्रक कंपनी काढली, तिनंच आता तो कायदा मोडून काढायला हातभार लावला. आणि त्याच १९८१ साली तिनं फ्रेटलायनर जर्मनीच्या डेमलर-बेन्झला विकूनही टाकली. ठरवून केलं असं मी म्हणत नाही, खटला जोड-ट्रेलरांचा होता, केबिनचा नव्हता. पण वेळ अशी साधली की बघत राहावं.

यानंतरचा घाव संसदेनं घातला. सरफेस ट्रान्सपोर्टेशन असिस्टन्स ॲक्ट, नाव १९८२ चं, रेगनची सही ६ जानेवारी १९८३ ची. त्यात एक कलम असं की इंटरस्टेट आणि ठरवलेल्या मोठ्या रस्त्यांवर राज्यांनी गाडीची एकूण लांबी मोजायचीच नाही. फक्त ट्रेलर मोजा, आणि ४८ फुटांच्या ट्रेलरला अडवू नका. रुंदीही १०२ इंच झाली. म्हणजे टेप आता ट्रेलरच्या तोंडापासून सुरू, पुढचं मुंडकं केवढंही असो. चाळीस-पन्नास वर्षं ज्या दहा फुटांसाठी माणसाला इंजिनावर बसवलं त्या फुटांची किंमत एका सहीत शून्य झाली.

आणि ड्रायव्हरांनी काय केलं? संप! कारण याच कायद्यानं इंधनावरचा कर गॅलनला ४ सेंटवरनं ९ सेंट केला आणि जड गाड्यांवरचा वार्षिक करही वाढवला. ३१ जानेवारी १९८३ पासून स्वतःची गाडी चालवणाऱ्या स्वतंत्र ड्रायव्हरांनी चाकं थांबवली, चालू ट्रकांवर दगड पडले, गोळीबार झाले, एक ड्रायव्हर जीवानिशी गेला. दहा-अकरा दिवसांत संप संपला. ज्या कायद्यानं त्यांना आरामाची केबिन मिळणार होती त्याच्याच विरोधात ते उभे होते, आणि खिशाच्या बाजूनं बघितलं तर त्यांचंही बरोबरच होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. १९८० मध्ये वाहतूक धंद्यावरची सरकारी बंधनं सैल झालेली, नवीन कंपन्यांचा सुळसुळाट, भाड्यात मारामारी, चांगला ड्रायव्हर टिकवायचा तर त्याला बरी गाडी द्यायला लागणार. लांब नाक, मागं उभं राहता येईल असं स्लीपर, हे आता फुकटात शक्य होतं. त्यात १९७३ च्या तेलसंकटापासून डिझेलचा हिशोब सुरू झालेलाच, चपटं तोंड वाऱ्यावर भिंतीसारखं आपटतं, आणि १९८५ मध्ये केनवर्थनं टी६०० काढला, उतरत्या नाकाचा, ड्रायव्हरांनी त्याला मुंगीखाऊ म्हणून हसून घेतलं पण ॲव्हरेज बघून हसणं बंद झालं. वजनाच्या नियमालाही लांबीच हवी होती. तिकडं पुलांच्या मजबुतीवरनं एक सूत्र लावतात, पाच ॲक्सलच्या गाडीला ८०,००० पौंड भरायचे तर पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमध्ये साधारण ५१ फूट अंतर पाहिजे. आखूड गाडीत ते जमवायची कसरत, लांब गाडीत आपोआप. मग जुन्या कॅबओव्हरला गिऱ्हाईक मिळेना, सेकंडहँड भाव पडला की नवीन कोण घेणार.

तरी फ्रेटलायनरनं १९९८ मध्ये एक शेवटचा प्रयत्न केला, आर्गोसी. दार उघडलं की बाहेर येणाऱ्या पायऱ्या, आतला मधला उंचवटा जवळजवळ गायब, जुन्या तक्रारी एकेक करून निस्तरलेल्या. गाडी चांगली होती हो, पण ज्या प्रश्नाचं ती उत्तर होती तो प्रश्नच पंधरा वर्षांपूर्वी संपलेला. २००६ ला अमेरिकेत विक्री बंद. पीटरबिल्टचं ३६२ त्याच्या एक वर्ष आधी थांबलेलं. आर्गोसी पुढं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला मात्र जात राहिली, कारण ऑस्ट्रेलियात जोड-ट्रेलरवाल्या गाडीची एकूण लांबी आजही मोजतात, म्हणून केनवर्थसारखी नाकासाठी प्रसिद्ध अमेरिकन कंपनी मेलबर्नजवळ बेजवॉटरला अजून चपट्या तोंडाचे ट्रक बनवते.

आपलं म्हणाल तर आपण दोन्ही बघितलंय. कुर्ल्याच्या प्रीमियरचे डॉज-फार्गो, टाटा-मर्सिडीजचे नाकवाले ट्रक जुन्या लोकांना आठवत असतील, मग आलं पुण्याचं ४०७, १९८६ चं, त्यातलं एसएफसी म्हणजे सेमी फॉरवर्ड कंट्रोल, ना धड नाक ना धड चपटं. मोठे ट्रक मात्र पूर्ण चपटे झाले, आणि केबिनमध्ये एसी सक्तीचा व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला.

युरोपात तर टेप अजून जुन्यासारखीच, ट्रॅक्टर-ट्रेलर मिळून १६.५ मीटर. तिथला ड्रायव्हर चपट्या गाडीत खूश असतो, कारण केबिनला हवेचे सस्पेन्शन, खाली सपाट जमीन, उभं राहायला जागा, म्हणजे अमेरिकन ड्रायव्हर ज्याला शिव्या घालत होता ते बरंचसं सुधारता येण्यासारखं होतं. नाकवाली स्कॅनिया टी तिथं २००५ मध्ये बंद पडली. मग इंधन वाचावं आणि पायी चालणारे नीट दिसावेत म्हणून युरोपियन युनियननं केबिनपुरती लांबी थोडी सैल केली, सप्टेंबर २०२० पासून. त्याचा फायदा घेऊन २०२१ मध्ये डॅफनं पहिली गाडी काढली. तिचं तोंड पुढं आलंय १६ सेंटिमीटर, म्हणजे धड वीतभरही नाही.