‘बुवा’ आणि ‘कूक’ यांच्या मधलं अंतर

दिवाळीच्या सुट्टीत माझी साडेचार वर्षांची भाची आमच्याकडे राहायला आली होती. दुपारी टीव्हीवर तिचं आवडतं कार्टून लागलं होतं, हसतंखेळतं, गाणीबिणी असलेलं. मध्येच नायकाच्या जिवलग मित्रावर कुणीतरी जादू करतं. त्याचे डोळे लाल होतात, आवाज घोगरा होतो. सगळं मिळून जेमतेम वीस सेकंद. पुढे जादू उतरते आणि सगळे मिळून नाचतात. भाची मात्र तोवर सोफ्यामागे जाऊन बसली होती. नंतरचे चार दिवस ती बाथरूमला एकटी जाईना. घरातला प्रत्येक जण तिला तेच सांगत होता, ‘‘अगं, शेवटी तो चांगला झाला ना!’’

मुलांच्या कार्टूनमध्ये किती अंधार चालेल, असा प्रश्न निघाला की आपण मारामाऱ्या आणि मृत्यू मोजायला बसतो आणि शेवट गोड असला की सगळं माफ करतो. माझ्या मते हे मापच चुकीचं आहे. अंधार दिसतो कसा आणि तो किती वेळ टिकतो, हे आधी बघायला हवं.

मृत्यूंची मोजदाद करायचीच, तर ती झालेली आहे. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात, थोड्या हलक्याफुलक्या ढंगात पण रीतसर संख्याशास्त्र वापरून, एक अभ्यास छापून आला. १९३७ ते २०१३ या काळातले मुलांचे सर्वाधिक कमाई करणारे ४५ अ‍ॅनिमेशनपट घेऊन त्यांची तुलना मोठ्यांच्या चित्रपटांशी केली होती. महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका मुलांच्या चित्रपटांत सुमारे अडीच पट निघाला. नायक-नायिकांच्या आईबापांच्या बाबतीत तर तो पाच पटींहून जास्त होता.

आकडा दचकवणारा आहे, पण साडेचार वर्षांच्या मुलाला मृत्यू म्हणजे काय कळतं? मेलेलं परत येत नाही, मेल्यावर शरीराचं काम थांबतं आणि मरण सगळ्यांनाच आहे, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमगतात. त्याआधी पडद्यावरचा मृत्यू त्यांना मृत्यू म्हणून कळतच नाही. आई दिसेनाशी झाली, एवढंच कळतं. ते भयंकर असतंच, पण निराळ्या कारणाने.

मग या वयात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? जोन कॅन्टर या अमेरिकी संशोधिकेने विस्कॉन्सिन विद्यापीठात या एका प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. रागावला की हिरवा राक्षस होणाऱ्या नायकाच्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेला चिमुरडी मुलं फार घाबरतात, असं पालकांच्या बोलण्यातून येत होतं. मालिका कार्टून नव्हती, पण हल्क तर चांगल्यांच्या बाजूचा! १९८६ साली ग्लेन स्पार्क्स आणि कॅन्टर यांनी वेगवेगळ्या वयांच्या मुलांना तिचा एक भाग दाखवून प्रसंगागणिक भीती तपासली. तीन ते पाच वर्षांची मुलं सर्वाधिक घाबरली ती साध्या माणसाचा हिरवा राक्षस झाल्यावर. मोठ्या, शाळकरी मुलांना मात्र तिथे सगळ्यात कमी भीती वाटली, कारण आता मदत आली हे त्यांना ठाऊक होतं.

याचं मूळ डी.एड.-बी.एड.वाल्यांना शिकवतात त्या पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात दिसतं. बुटक्या पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं की चार वर्षांचं मूल म्हणतं, ‘‘पाणी वाढलं.’’ पाणी त्याच्या डोळ्यांदेखत ओतलेलं असतं, तरी दिसणं असण्यावर मात करतं. माझ्या भाचीसाठी तो मित्र ‘जादू झालेला चांगला मित्र’ नव्हताच. लाल डोळे आले तेव्हा मित्र संपला. आणि ओळखीचा चेहरा असा बदलू शकतो, तर मावशीचाही बदलेल!

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येते, जरा सावकाश वाचा. मेंदूच्या आत, कानशिलांच्या बाजूला, बदामाच्या आकाराचे दोन पुंजके असतात. त्यांना अमिग्डाला म्हणतात. धोका हेरून शरीराला सावध करणं हे त्यांचं एक मोठं काम. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्यांना आवरतो. ‘चित्र आहे ते, खरं नाही’ हा विचार परिणाम करतो तो याच वाटेने. २०१३ साली डिलन जी, निम टॉटनहॅम आणि सहकाऱ्यांनी ४ ते २२ वर्षांच्या ४५ जणांना एमआरआय यंत्रात घाबरलेले चेहरे दाखवले. मोठ्यांमध्ये या दोन भागांचं नातं ऋण होतं, म्हणजे एकाची हालचाल वाढली की दुसऱ्याची घटते, लगाम खेचल्यासारखी. लहान मुलांत ते धन होतं. दोन्ही भाग बरोबरच चढत होते. चिन्ह पालटतं ते साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास. हा सहसंबंध आहे, कोण कुणाला ढकलतं हे त्यावरून थेट सिद्ध होत नाही. तरीही ‘हे खोटं आहे हं’ असं समजावणं नऊ वर्षांच्या मुलाला उपयोगी पडतं आणि चार वर्षांच्या मुलाला नाही, हे कॅन्टर यांना प्रयोगांत आधीच दिसलं होतं. त्या निरीक्षणाशी हे चित्र फार छान जुळतं.

याच गटाने २०१४ साली आणखी एक गोष्ट दाखवली. यंत्रात झोपलेल्या लहान मुलांना त्यांच्या आईचा फोटो दाखवला, तर तेवढ्यापुरतं ते नातं मोठ्यांसारखं ऋण झालं. अनोळखी बाईच्या फोटोने तसं झालं नाही. किशोरवयीन मुलांत आईच्या फोटोने फरक पडला नाही, त्यांचा लगाम तयार झालेला होता. लहान मूल आपला लगाम काही काळ आईकडून उसना घेतं, असं मी हे वाचते. मला हा शोध विलक्षण वाटतो.

म्हणून मूल झोपेत दचकून रडलं की मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं : बाळ शांत होतं ते तुम्ही त्याला मांडीवर घेता म्हणून. मोहरीचा त्यात काही वाटा नाही. ‘कार्टूनमुळे मेंदू जळतो’ असे जे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, तेही तितकेच निराधार आहेत.

मग कार्टूनमध्ये अंधार नकोच का? तसं मी अजिबात म्हणणार नाही. घाबरण्यात गंमत असते, आणि ती मोजताही येते. डेन्मार्कच्या ऑर्हस विद्यापीठातल्या संशोधकांनी भयगृहात, म्हणजे लोक मुद्दाम घाबरून घ्यायला जातात अशा करमणुकीच्या ठिकाणी, जाणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके नोंदवले. भीती आणि मजा यांचा आलेख उलट्या ‘यू’सारखा आला : फार कमी भीतीत मजा नाही, फार जास्तीतही नाही. आपल्याकडे हे आज्यांना माहीत होतं. तान्ह्या बाळासमोर तोंड झाकून ‘बुवाऽऽ’ म्हणायचं आणि ते ओठ काढायच्या आत ‘कूक!’ करायचं. त्या दोन शब्दांमधला क्षणभर म्हणजे अंधाराचा पहिला डोस, आणि ‘बुवा’ शब्द तर बागुलबुवातलाच! मूल मोठं होतं तसं हे अंतर लांबवता येतं. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’मध्ये ते गोष्टभर लांबतं. म्हातारीला खायला वाघ टपलेला असतो, पण ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन’ म्हणत ती स्वतःच त्याला थांबवून ठेवते. वाघाचा चेहरा किती भेसूर रंगवायचा ते ऐकणारं मूल ठरवतं. पडद्यावर तो चित्रकाराने ठरवलेला असतो. म्हणून अजून शाळेत जायचं वय न झालेल्या मुलांसाठी कार्टून काढणाऱ्यांनी वाघ, चोर, वादळ खुशाल घालावं, पण ओळखीचा चेहरा विद्रूप करू नये, आणि केलाच तर ‘कूक’साठी वीस सेकंद थांबवू नये. तेवढ्यात पोर सोफ्यामागे गेलेलं असतं, पुढचा नाच ते बघतच नाही.

गेल्या महिन्यात भाची पुन्हा आली. तोच भाग लावायला तिनेच सांगितलं. माझ्या मांडीत नीट बसली आणि म्हणाली, ‘‘मावशी, त्याचे डोळे लाल व्हायच्या आधी मला सांग.’’ मी सांगितलं. तिने एका हाताने माझा अंगठा धरला, दुसरा हात डोळ्यांवर ठेवला आणि बोटांच्या फटीतून सगळं पाहिलं.