लेटेस्ट टाकू की स्टेबल? स्क्रायबस वापरणाऱ्या आपल्या भागातल्या प्रेसवाल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे डीटीपी करणारी बरीच पोरं विचारतात, स्क्रायबस हे पानं जुळवायचं फुकटचं सॉफ्टवेअर डाऊनलोड करायला गेलं की १.६ पण दिसतंय आणि १.७ पण दिसतंय, कुठलं घेऊ? आणि विचारायच्या आधीच निम्म्यांनी १.७ टाकलेलं असतं, आकडा मोठा म्हणजे माल चांगला म्हणून. तसं नसतंय बघा.

लेटेस्ट म्हणजे आजपर्यंत जेवढा कोड लिहून झालाय तो सगळा. पक्कं झालेलं पण त्यात, अर्धवट पण त्यात, आणि पुढच्या वेळेला त्यातलं काय राहील काय जाईल हे बनवणाऱ्यांनीही अजून ठरवलेलं नसतं. स्टेबल म्हणजे एका जागी थांबून, आता नवीन काही घालायचं नाही, फक्त चुका काढायच्या, असं ठरवून बाहेर सोडलेलं. स्टेबलमध्ये बग, म्हणजे चुका, नसतात असं कुणी सांगत असेल तर चूक आहे, असतात की, भरपूर असतात. पण १.६.१ वरून १.६.२ ला गेलात तर मेनू इकडचा तिकडं होणार नाही, कालची फाईल आज उघडेल, या बेतानंच ते काढलेलं असतं. प्रेसवाल्याला हेच पाहिजे असतंय, गिऱ्हाईक सहा महिन्यांनी येऊन तीच पत्रिका नाव बदलून द्या म्हणतं तेव्हा.

स्क्रायबसमध्ये ओळखायची खूण सोपी आहे, मधला आकडा सम असला की स्टेबल, विषम असला की डेव्हलपमेंट, म्हणजे अजून बनत असलेलं लेटेस्ट. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं पण पूर्वी असंच होतं, २.४ स्टेबल, २.५ डेव्हलपमेंट, मग २.६ स्टेबल. पण हा नियम सगळीकडं लावू नका, लिबरऑफिस हे ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर २०२४ पासून वर्ष-महिन्याचा आकडा घालतंय, २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी, तिथं सम-विषमचा काही संबंध नाही.

आता खरी अडचण, आणि ती आपल्याच लोकांना जास्त बसली. १.४ स्टेबल होतं तेव्हा त्याला देवनागरी आणि कन्नड नीट जुळवताच येत नव्हतं. लग्नपत्रिकेत पहिलंच ‘चि.’ टाईप केलं की पहिली वेलांटी च च्या आधी यायच्या ऐवजी मागं जाऊन बसायची. ‘लग्न’ लिहिलं तर ग चा पाय मोडलेला तसाच दिसायचा आणि पुढं न सुटा. पलीकडच्या पानावर कन्नडमध्ये तोच शब्द, तिथं न ग च्या खाली ओत्तक्षर होऊन लागायला पाहिजे, तो शेजारी उभा. दोन्ही भाषांची पत्रिका छापणाऱ्याला ते स्टेबल कितीही स्टेबल असलं तरी उपयोग काय? हे जुळवणं २०१७ मध्ये १.५.३ ला आलं, म्हणजे डेव्हलपमेंटमध्ये, आणि स्टेबल म्हणून हातात पडलं ते २०२४ उजाडताना १.६.० मध्ये. मधली जवळपास सात वर्षं लोक एकतर इंग्रजी अक्षरांच्या जागी आपले आकार बसवलेले जुने नॉन-युनिकोड फॉन्ट वापरत बसले नाहीतर जोखीम घेऊन १.५ वर काम करत राहिले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, गरजच तशी होती. पण १.५ मध्ये सेव्ह केलेली फाईल १.४ मध्ये उघडत नाही, त्यामुळं एका प्रेसमधून दुसऱ्या प्रेसला फाईल पाठवली की फोनाफोनी ठरलेली.

अजून एक गोची. डेबियन ही लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे सगळे प्रोग्रॅम एकत्र बांधून दिलेली सिस्टीम. २०२५ पर्यंत तिची डेबियन १२ ही स्टेबल होती, पण तिच्यातून स्क्रायबस टाकलं तर १.५.८ यायचं. म्हणजे डिस्ट्रोचं स्टेबल वेगळं आणि प्रोग्रॅमचं स्टेबल वेगळं. डिस्ट्रो म्हणते मी हे पॅकेज मध्येच बदलणार नाही, ते आतून कसं आहे तो बनवणाऱ्यांचा विषय.

एवढा उशीर का लागतो म्हणाल तर, छोट्या प्रोजेक्टला हात थोडे असतात आणि बहुतेक जण नोकरी सांभाळून करतात. आधी फीचर फ्रीझ, म्हणजे नवीन काही घालायचं बंद, मग मेनूतले शब्द पण गोठवायचे, कारण ते हलत राहिले तर मराठी-कन्नड भाषांतर करणारा पूर्ण कधी करणार, अर्धा मेनू इंग्रजीच राहतो. मग रिलीज कँडिडेट, म्हणजे तपासायला दिलेली जवळपास शेवटची प्रत, तक्रारी, दुरुस्त्या, चेंजलॉग म्हणजे काय बदललं त्याची यादी, आणि शेवटी कोडवर आकड्याचा टॅग मारून रिलीज. त्यानंतरसुद्धा सुटका नाही, नव्या कोडमध्ये सापडलेली चूक स्टेबलमध्ये परत वेगळी दुरुस्त करावी लागते, एकच काम दोनदा.

म्हणून माझं म्हणणं, गिऱ्हाइकाचं काम १.६ वर करा आणि १.७ शेजारी टाकून ठेवा, दोन्ही एका मशीनवर राहतात, फक्त १.६ च्या फाईलची कॉपी करून मगच ती १.७ मध्ये उघडा. एक जुनी पत्रिका उघडून बघा, वेलांटी, रफार, ओत्तक्षर, ओळ कुठं तुटते. तिकडं कोड लिहिणाऱ्याला ‘र्‍या’ बरोबर आला की चुकला हे दिसत नाही, आपल्याला दिसतंय. चुकलं तर फॉन्टचं नाव, तेवढीच एक ओळ असलेली छोटी फाईल आणि स्क्रीनशॉट घालून बग टाका, आणि १.८ चं फ्रीझ व्हायच्या आधी टाका.