ट्रेलवर पडलात? आधी माणूस, मग सायकल

नवीन माउंटन बाइक घेणाऱ्या आणि सर्व्हिसिंगला येणाऱ्या ग्राहकांसाठी

रविवारी आरे, येऊर नाहीतर कर्जतच्या बाजूला राइड झाली की सोमवारी आमच्या वर्कशॉपबाहेर सायकलींची रांग लागते. बऱ्याच जणांचं म्हणणं सारखंच असतं: जरासा पडलो होतो, तेव्हा काही वाटलं नाही, खाली उतरताना मात्र सायकलीने दगा दिला. ट्रेलवर पडणं चालायचंच. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, दिवाळीनंतर सुट्टी खडी असते, आणि अशा जागी पुढचा ब्रेक जोरात दाबला की पुढचं चाक निसटतं. आम्ही इथे लिहितोय ते पडल्यापासून पुन्हा पॅडल मारेपर्यंत काय पाहायचं आणि पुढच्या काही दिवसांत कशाकडे लक्ष ठेवायचं, एवढ्यापुरतं.

उठायची घाई करू नका

पडल्या पडल्या लाज वाटते, मागून कोणी येत असतं, म्हणून माणूस ताडकन उठतो. अंगात तेव्हा इतकी धडधड असते की मोडलेलं हाडसुद्धा दुखत नाही. सोबत्याला वाटेवर वर उभं करून येणाऱ्यांना थांबवायला सांगा आणि दोन मिनिटं तिथेच पडून राहा. मान दुखतेय का, हातापायांना मुंग्या येताहेत का, बोटं हलताहेत का, ते पाहा. मानेत दुखत असेल किंवा मुंग्या येत असतील तर हलू नका, हेल्मेटही ओढून काढू देऊ नका. 108 ला फोन लावा. जंगलात रेंज असेलच असं नाही, त्यामुळे एकट्याने ट्रेलवर जाऊ नये हे आम्ही सायकल विकतानाही सांगतो.

डोकं आपटलं असेल तर सोबत्याने साधे प्रश्न विचारावेत: आज वार कोणता, आपण आत कुठून शिरलो, चहा कुठे प्यायलो. उत्तर अडखळलं, किंवा पडलेला माणूसच ‘काय झालं?’ असं पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर त्या दिवसाची राइड संपली. बरं वाटलं तरी सायकल हातात धरून चालत खाली यायचं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि पुढचे 24 तास घरी कोणीतरी सोबत हवं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून जागं न होणं, बोलण्यात गोंधळ, आकडी (फिट), यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका.

पडताना आपण हात पुढे टेकतो. म्हणून मनगट आणि गळ्याजवळचं कॉलरबोन ही दोन हाडं जास्त सापडतात. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर ‘मुरगळलंय, लेप लावतो’ म्हणून सोडू नका. तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतच नाही. दुखणं टिकलं तर 10 ते 14 दिवसांनी डॉक्टर पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात, तो टाळू नका.

हँडलचं टोक पोटात लागलं असेल आणि नंतर पोट दुखू लागलं, डाव्या खांद्यात दुखू लागलं किंवा चक्कर आली, तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा. वरून काहीच दिसत नसताना आत रक्तस्राव होत असू शकतो. हँडलच्या टोकाचा प्लग गळून पडला असेल तर उघडी नळी फार वाईट लागते. प्लग नसेल तर दुकानात या, आम्ही फुकट लावून देतो.

जखम आणि आरेचा चिखल

खरचटलेल्या जागी हळद, कॉफी, टूथपेस्ट काही नको. बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याची धार धरून खडे वाहून जाऊ द्या, मग स्वच्छ कापड बांधा. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला 5 वर्षं उलटली असतील, किंवा ते कधी घेतलं हेच आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसं सांगा.

पावसाळ्यात मुंबईकरांनी आणखी एक काळजी घ्यायची. आरेत म्हशींचे तबेले आहेत, आणि उंदीर कुठे नाहीत? जनावरांच्या मुताने खराब झालेलं पाणी उघड्या जखमेला लागलं की लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. चिखलात पडून खरचटलं असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांना विचारा, ते गरज पाहून प्रतिबंधक गोळी देतात. पुढच्या महिनाभरात ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल, असं काही झालं तर चिखलात पडल्याचं आवर्जून सांगा. त्याशिवाय डॉक्टरांच्या ते लक्षात यायचं कसं?

आता सायकल

ती कोणत्या कुशीवर पडली ते आधी आठवा. उजवीकडे पडली असेल तर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, पाहा. तो बहुतेक सायकलींत फ्रेमला थेट बसवलेला नसतो, मध्ये हँगर नावाचा ॲल्युमिनियमचा मऊ तुकडा असतो. फ्रेम वाचावी म्हणून तोच आधी वाकतो. सायकलीच्या मागे उभं राहून बघा: डिरेलरचा पिंजरा (चेन ज्यातून जाते तो खालचा भाग) कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या, रेषेत सरळ लोंबतोय की चाकाकडे झुकलाय? झुकला असेल तर मागचं सर्वात मोठं चक्र अजिबात लावू नका. चढावर तो गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये शिरतो, आणि मग डिरेलर, चेन, स्पोक, कधी फ्रेमसुद्धा, असं सगळं एकदम जातं. दुकानात येणारी मोठी बिलं बहुतेक याचीच असतात. हँगर मॉडेलप्रमाणे वेगळा असतो आणि मागवायला वेळ लागतो, म्हणून एक जादा हँगर बॅगेत ठेवा.

डावीकडे पडली तर डिस्कची चकती वाकलीय का पाहा. चाक उचलून फिरवा. एका लयीत खस्स-खस्स आवाज आला तर ती वाकली आहे. तेवढ्यावर हळू खाली येता येईल, चकती कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड असतात त्या भागात, अडकत असेल तर मात्र नाही.

त्यानंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेटमध्ये (हँडल फ्रेममध्ये फिरतं त्या बेअरिंगच्या जोडात) खट वाजलं, फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) चीर दिसली किंवा हँडल वाकलेलं दिसलं, तर पुढे चालवायची नाही. वाकलेलं ॲल्युमिनियमचं हँडल कोणी सरळ करून देतो म्हणाला तरी घेऊ नका, ते आतून कमजोर झालेलं असतं. हँडल नुसतं फिरलं असेल तर ॲलन कीने स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट सैल करून सरळ करा, पुन्हा सगळे सारखे आवळा. टायरच्या बाजूला चीर पडून ट्यूब बाहेर डोकावत असेल तर दुधाच्या रिकाम्या पिशवीची घडी आतून लावा, हवा जरा कमी भरा, घरापर्यंत निभावतं.

हेल्मेट विकणारेच ‘नवीन घ्या’ म्हणतात, हे आम्हालाही ऐकवलं जातं. पण आतला फोम एकदाच दबतो. डोकं जोरात आपटलं असेल तर वरून धड दिसणारं हेल्मेटही बाद समजा.

परत ट्रेलवर

जखम भरली तरी भीती जात नाही, त्यात गैर काही नाही. जिथे पडलात तिथे आधी पायी चालून या, दगड कुठे आहे आणि चाक कुठून न्यायचं ते पाहा, सीट खाली घ्या, आणि नजर दगडावर न ठेवता पुढच्या मोकळ्या जागेवर ठेवा. जमलं नाही तर उतरून चाला. डोक्याला मार होता त्यांनी मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत सायकलला हात लावू नये.

दुकानात आणताना

पडल्याने झालेलं नुकसान कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही. तपासणी मात्र आम्ही पैसे न घेता करतो, आणि काम सुरू करण्याआधी खर्च सांगतो. सायकल टेम्पोत किंवा गाडीत टाकताना चाक काढलं असेल तर ब्रेकचा लिव्हर दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात, म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला. आणि कृपा करून सायकल धुऊन आणू नका. माती आणि ओरखडे पाहूनच आम्हाला कळतं मार कुठे बसलाय. वर्कशॉप मंगळवारी बंद असतं.