हौशी छायाचित्रण, नागपुरातील

पोटापाण्यासाठी नव्हे तर आवडीपोटी फोटो काढणे, ते चार जणांपुढे ठेवणे आणि कॅमेरा, लेन्स, प्रकाश यांवर तासन्‌तास बोलणे, या सगळ्याला मिळून हौशी छायाचित्रण म्हणतात. नागपुरात या छंदाला वळण लावले ते इथल्या हवेने. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते, आणि पेंच, उमरेड-कऱ्हांडला ही जंगले गाडीने दीड-दोन तासांवर असल्यामुळे दूरचे जवळ दाखवणारी लांब लेन्स घेण्याकडे ओढा मोठा. ‘लेन्स सॉफ्ट आहे’, म्हणजे फोटो धूसर येतो, ही इथली नेहमीची तक्रार. तिचे कारण बहुतेक वेळा लेन्समध्ये नसते, हवेत असते.

प्रकाश आणि मीटर

नागपूर २१.१५ उत्तर अक्षांशावर असल्याने २६ मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. या दिवसांत सकाळी आठनंतर माणसांचे फोटो काढू नयेत. डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि कपाळ पांढरेफटक येते. उन्हाळ्यात कामाची वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात. डिसेंबरात ऊन तिरपे असल्यामुळे साडेनऊपर्यंत निभावते.

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोर जे असेल ते मध्यम करडे आहे असे धरून चालतो. त्यामुळे दीक्षाभूमीचा पांढरा घुमट फ्रेम भरून घेतला की मळकट दिसतो. तिथे एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) +१ करावे. पोळ्यानंतर मिरवणुकीत निघणाऱ्या काळ्या मारबतीच्या पुतळ्याला उलट -१ लागते. संत्र्यांच्या ढिगावर ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल आपोआप साधणारी सोय) नारिंगी रंग ‘दुरुस्त’ करून टाकतो, म्हणून तो ‘डेलाइट’वर ठेवावा. भिवापूरकडे मिरची वाळत घालतात त्या सातऱ्यावर आणखी एक अडचण येते. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल रंगाचा एकटा आलेख उजवीकडे आपटलेला असतो आणि मिरच्यांचा एकसलग लाल डाग होतो. तीन रंगांचा हिस्टोग्राम चालू करून -०.७ करावे आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवावी. तोंडाला दुपट्टा बांधावा, हे वेगळे सांगायला नको.

लांब लेन्स आणि तापलेली हवा

जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरू लागते. चारशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून शंभर मीटरवरचा वाघ पाहिला, तर त्या थरथरीमुळे पट्ट्यांच्या कडा विरघळतात. शटर १/२००० केले तरी फरक पडत नाही, कारण हलते ती हवा, कॅमेरा नव्हे. एकाच ठिकाणाहून दहा फ्रेम घ्याव्यात. प्रत्येकीत वेगळीच जागा धूसर असेल तर दोष हवेचा. सगळ्या सारख्याच धूसर असतील तर फोकस तपासावा. लेन्सची खरी परीक्षा घरात करावी: भिंतीवर वर्तमानपत्र, पाच मीटर अंतर, तिपाई, दोन सेकंदांचा टायमर. त्यात अक्षरे कोरीव आली, तर लेन्स विकायला काढण्याची गरज नाही. उन्हाळ्यात टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा मागे लावायचा जोड) घरीच ठेवलेला बरा. १.४ पटीचा एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खातो आणि थरथरही तेवढीच मोठी करून दाखवतो.

जिप्सीत तिपाई उभी राहत नाही. बीनबॅग रिकामी न्यावी आणि वाटेत किराणा दुकानातून दोन-तीन किलो तांदूळ भरून घ्यावेत. चालकाला इंजिन बंद करायला सांगावे; चालू इंजिनाचा कंप बीनबॅगमधूनही येतो. पहाटे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ला घाबरू नये. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही.

बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. काळी बॉडी उन्हात राहिली तर ती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. पांढरा ओला नव्हे, पांढरा कोरडा पंचा वर टाकावा.

मारबतीची मिरवणूक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागात निघणारी काळी-पिवळी मारबत आणि बडगे (वाईट गोष्टींचे पुतळे) हा इथल्या हौशी मंडळींचा वर्षातला मोठा दिवस. गल्ल्या अरुंद, गर्दी खांद्याला खांदा लागलेली, अशा वेळी ऑटोफोकस समोरच्याच्या हातावर जाऊन बसतो. उपाय जुना आहे. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमी लेन्स, छिद्र एफ/८, फोकस हाताने सुमारे अडीच मीटरवर, की सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. शटर १/२५०, आयएसओ ऑटो. मग फक्त चौकट आणि क्षण सांभाळायचा. ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी उठते तेव्हा पुतळ्याकडे पाहणाऱ्यांचे चेहरे पुतळ्यापेक्षा जास्त बोलतात, वळून तेही घ्यावेत.

गुलाल झूम लेन्सच्या पुढे-मागे सरकणाऱ्या नळीत शिरला की आत खरखर सुरू होते. लेन्सला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड लावावा, पुढे यूव्ही फिल्टर असावा, आणि मिरवणुकीत लेन्स बदलू नये. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. आधीच कापड फिरवले तर रंगाचे कण काचेवर घासले जातात.

बुरशी, कूलर आणि डबा

हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर बरेच दिवस राहिली की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. तिच्यातून पाझरणारे आम्ल काचेवरचा थर खाते. मग साफ करूनही डाग राहतो. पावसाळ्याची काळजी सगळे घेतात. फसगत होते ती मेमध्ये. बाहेर रखरखीत असले तरी वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोलीत दिवसभर ओलावा भरत असतो, आणि कॅमेऱ्याचे कपाट नेमके त्याच खोलीत असते. कॅमेरा कूलर नसलेल्या खोलीत ठेवावा.

आर्द्रता कमी ठेवणारे ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा दहा-बारा लिटरचा प्लॅस्टिक डबा, आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे यंत्र) आणि दोनशे ग्रॅम सिलिका जेल पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. तीसच्या खाली रबर आणि वंगण कोरडे पडते. सिलिका जेलचे केशरी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवावेत. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, ते स्वयंपाकघरात आणू नयेत. कॅमेरा चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत महिनोन्‌महिने ठेवणे म्हणजे बुरशीला निमंत्रण.

जुलैत एसीच्या खोलीतून बाहेर पडताच काचेवर धुके बसते. कॅमेरा आतच झिपच्या पिशवीत बंद करावा आणि बाहेर अर्धा तास तसाच राहू द्यावा. पुसत बसू नये.

रात्रीचे आकाश

पेंचच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा (कृत्रिम उजेडापासून जपलेल्या काळोख्या आकाशाच्या क्षेत्राचा) दर्जा मिळाला. भारतातले हे पहिलेच. आकाशगंगेचा गाभा इथून दक्षिणेला जास्तीत जास्त ४० अंशांपर्यंत चढतो. एप्रिल-मेमधल्या अमावास्येच्या मागच्या-पुढच्या रात्री सोयीच्या, जूनच्या मध्यानंतर ढग. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागले की तारे रेघ न होता किती सेकंद राहतील याचा अंदाज मिळतो. २० मिमीला २५ सेकंद. दीड पट क्रॉपच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात तेच १६. जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरला हा हिशेबही सैल पडतो, म्हणून आणखी थोडे कमी करावे.

फोटो दाखवणे आणि बोलणे

‘भाऊ, एक नंबर!’ याने फोटो सुधारत नाही. फोटोसोबत लेन्स, शटर, छिद्र, आयएसओ आणि काय साधायचे होते ते एका ओळीत लिहावे. मग समोरच्यालाही बोलता येते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते आणि धूसरपणाचा खोटा आळ येतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. रंग एसआरजीबीमध्ये (बहुतेक पडद्यांना चालणाऱ्या रंगपद्धतीत) निर्यात करावेत, नाहीतर अॅडोबी आरजीबीची फाइल कितीतरी मोबाइलवर फिकी दिसते. १२ बाय १८ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. सुमारे १९ मेगापिक्सेल झाले, म्हणजे आजचा कोणताही साधा कॅमेरा पुरतो. हा हिशेब केल्यावर नव्या बॉडीवरचे निम्मे वाद मिटतात.

जुनी लेन्स घेताना छिद्र पूर्ण उघडावे, मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा आणि पुढून पाहावे. धुळीचे चार कण चालतात. बुरशीच्या बारीक फांद्या फुटलेल्या दिसल्या तर लेन्स विकणाऱ्याच्या हातात परत द्यावी, आणि आपल्या डब्यात तर मुळीच ठेवू नये.